आधीच मण्यामागे नेलेला धागा : एका जर्मन कृतीचं इंग्रजी करताना

काम आलं तेव्हा त्याच्या कपाळावर 'कपडे व फॅशन' असा शिक्का होता. एजन्सीतल्या कुणीतरी जर्मन मथळा वाचला, 'फ्लीगन बिंडन', आणि कोश उघडला. जर्मनमध्ये 'फ्लीगे' म्हणजे माशी आणि 'फ्लीगे' म्हणजेच गळ्याला बांधायचा बो टाय. पुढे 'बिंडन', म्हणजे बांधणे, असं दिसल्यावर त्या माणसाने माशी सोडून बो धरला. एका कापड व्यापाऱ्याचे जर्मन करार मी आधी इंग्रजीत करून दिले होते, म्हणून फाइल सरळ माझ्याकडे, बडोद्याला. मी ती दांडिया बाजारातल्या आमच्या घरी जेवणानंतर उघडली. पहिल्याच पानावर माशाच्या गळाचं चित्र होतं.

तेव्हाच काम परत करायला हवं होतं. नाही केलं. चौदा पानं होती, महिनाअखेर होती.

नकली माश्या हाताने बांधतात हे मला नुसतं ऐकून माहीत होतं. गळाच्या दांडीवर धागा, पिसं, केस, तार असं गुंडाळत जाऊन पाण्यातल्या किड्यासारखं काहीतरी बनवायचं, आणि ट्राउट किंवा ग्रेलिंग जातीच्या माशाने ते खरं समजून तोंडात धरावं म्हणून वाट बघायची. आपल्याकडे गांडुळावर नाहीतर कणकेच्या गोळीवर भागतं. इंग्रजांनी काश्मिरात आणि निलगिरीत ट्राउट आणून सोडला, त्याच्यामागून हा नादही तिकडे आला. विश्वामित्रीच्या काठी काही तो पोचला नाही.

मजकूर ऑस्ट्रियातल्या एका मासेमारी मंडळाचा होता. जुना, टंकलिखित, सभासदांनी सभासदांसाठी लिहिलेला. सहा नमुने. इंग्रजी हवं होतं ते इंग्लंडमधल्या एका निवृत्त गृहस्थांना. ते थंडीच्या दिवसांत गावातल्या नवशिक्यांना माश्या बांधायला शिकवतात. त्यांची मागणी एका ओळीची होती: वाचून बांधता आलं पाहिजे. ही ओळ मी वाचली आणि मनात 'स्पष्ट इंग्रजी हवं' अशी तिची नोंद करून पुढे गेले. या दोन मागण्या वेगळ्या आहेत हे कळायला मला तीन आठवडे लागले.

पैसे मूळ मजकुराच्या शब्दागणिक ठरले होते. जर्मनचं काम असं घेणं म्हणजे पोत्याला नारळाचा भाव लावणं. 'गोल्डकॉप्फनिम्फे', म्हणजे सोनेरी मण्याच्या डोक्याची एक नकली माशी, हा तिकडे एक शब्द. इंग्रजीत त्याचे तीन होतात आणि पैसे एकाचेच मिळतात. हे अवांतर, पण पहिला हात मशीनकडून मारून घ्यायचा मोह का झाला ते यातून समजावं.

मशीनने मजा केली. 'हेशेल' म्हणजे माशीच्या मानेभोवती गुंडाळायचं कोंबड्याचं पीस, इंग्रजीत हॅकल. पण कुत्र्याने धापा टाकण्यालाही जर्मनमध्ये याच घडणीचं क्रियापद आहे. त्यामुळे 'तपकिरी धापा दोन वेढे गुंडाळा' असं इंग्रजी समोर आलं. 'शेंकेल' म्हणजे मांडी, गळाच्या बाबतीत दांडी. गळांना मांड्या फुटल्या होत्या. 'श्टोस' म्हणजे धक्का, पण शिकाऱ्यांच्या बोलीत पक्ष्याची शेपटी. म्हणून फेझंटच्या शेपटीच्या जागी फेझंटचा धक्का. आणि 'फाउएनग्रास', अक्षरशः मोरगवत. मी खरोखर दहा मिनिटं गवताची जात शोधली. मोराच्या पिसाच्या दांड्याला जे लांब, हिरवट झाक मारणारे तंतू असतात, तेच हे. इंग्रजीत त्याला हर्ल म्हणतात.

हे सगळं मी हसत हसत दुरुस्त केलं, आईला वाचून दाखवलं आणि काम पाठवून दिलं. चूक हसवणारी असली की ती हाताला लागते. हसू न येणाऱ्या चुका पानावर गप्प बसून राहिल्या.

नऊ दिवसांनी फाइल परत आली, अकरा प्रश्नांसह. पहिला प्रश्न असा: "कुठल्या कानामागे?"

दुसऱ्या नमुन्यात शरीरासाठी सशाच्या कानावरचे केस वापरायचे होते. जर्मनमध्ये कान म्हणजे 'ओर'. याच 'ओ'च्या डोक्यावर दोन ठिपके दिले की उच्चार ओ आणि ए यांच्या मधोमध कुठेतरी जातो आणि अर्थ होतो सुईचं नेढं. गळाच्या टोकाला दोरी ओवायचं जे भोक असतं तेही तेच. जुन्या टंकलेखनाच्या पानांवरून मशीनने मजकूर उचलताना ठिपके गाळले होते. 'नेढ्यामागे धागा सुरू करणे' याचं झालं 'कानामागे'. आणि त्याच पानावर ससा होता, त्यामुळे मला ते विचित्र वाटण्याऐवजी पटलं! मी स्वतःच्या अकलेने त्यात भर घालून 'सशाच्या कानामागे' असं करून टाकलं. मूळ पानाची प्रतिमा माझ्याकडे होती. ठिपके तिथे स्वच्छ दिसत होते.

मराठी माणसाला इथे खरं तर सोय आहे. गळाच्या या भोकाला इंग्रज डोळा म्हणतो, जर्मन नेढं म्हणतो, आणि आपल्याकडे नेढं हा शब्द नुसता जिवंत आहे असं नाही, सह्याद्रीतल्या किल्ल्यांच्या आरपार भोकांनाही तोच आहे. मी जर्मनवरून आधी मराठीत विचार केला असता तर ओठांवर नेढं आलं असतं, आणि नेढ्याला कान म्हणायची वेळ आली नसती.

ठिपक्यांचाच दुसरा बळी ग्रेलिंग मासा. त्याचं जर्मन नाव 'एशे', ठिपके गेले की 'आशे', म्हणजे राख. 'राखेसाठी उत्तम माशी' असं एक वाक्य मी इंग्रज माणसाला पाठवलं होतं. त्याने समासात काहीच लिहिलं नव्हतं, फक्त एक प्रश्नचिन्ह.

बाकीचे प्रश्न पटकन सांगते. मण्याचं माप '२,५' असं होतं. जर्मन लोक दशांशाला स्वल्पविराम देतात, मी तो तसाच ठेवला, आणि वाचणाऱ्याला ते दोन ते पाच मिलिमीटर वाटलं. गळाच्या नंबराआधीचं 'ग्र.' हे आकारमानाचं लघुरूप मी एका ठिकाणी ग्रॅम केलं, म्हणजे चौदा नंबरच्या एवढ्याशा गळाचं वजन चौदा ग्रॅम. हाताच्या सुईचा नंबर वाढला की सुई बारीक होते तसंच या गळांचं असतं; घरात शिवण येणाऱ्या कुणालाही विचारलं असतं तर ही चूक झाली नसती. 'मायफ्लीगे' या शब्दाचं मी डोळे झाकून मेफ्लाय केलं. पण जर्मन त्या नावाने एकच मोठी जात ओळखतात आणि अख्ख्या कुळाला 'एकदिवशी माशी' म्हणतात, तर इंग्रजीत मेफ्लाय हे अख्ख्या कुळाचं नाव. ते नाव मी मूळच्या दोन वेगळ्या शब्दांना सरसकट दिलं होतं, त्यामुळे दोन नमुने एकच वाटत होते.

या चुकांवर इलाज शब्दांच्या तक्त्याचा. बडोद्यात वाढलेल्या माणसाला तक्त्याचं अप्रूप नाही. सयाजीराव महाराजांनी कारभाराच्या शब्दांचा आठ भाषांतला कोश १९३१ साली छापून घेतला होता, एका इंग्रजी शब्दासमोर गुजराती, मराठी, फारशीपर्यंत सगळे प्रतिशब्द. मी एक दुपार बसून जर्मन, मराठी, इंग्रजी असा तीन रकान्यांचा तक्ता केला. तीस-बत्तीस शब्द. ठिपके मूळ पानावरून एकेक तपासले. मधला मराठी रकाना गिऱ्हाइकाला द्यायचा नव्हता, माझ्यासाठी होता. 'क्योखरफ्लीगे'समोर मी 'भातामाशी' लिहिलं, कारण 'क्योखर' म्हणजे बाणांचा भाता. हिची अळी खडे-काड्यांची नळी करून आत राहते. इंग्रजीत मात्र अमेरिकन लोक तिला कॅडिस म्हणतात आणि ब्रिटिश मासेमार सेज. गिऱ्हाईक इंग्लंडचं, म्हणून सेज. दहा प्रश्न असे सुटले.

अकरावा सुटेना.

चौथ्या नमुन्याच्या सातव्या पायरीसमोर त्या गृहस्थांनी लिहिलं होतं: "इथे माझ्या तिन्ही विद्यार्थ्यांचे हात अडकले. धागा चुकीच्या टोकाला आहे. मला ही माशी बांधता येते म्हणून मी सावरून घेतलं, पण मग कागद कशाला?"

नमुना साधा होता. सोनेरी मणी डोक्याला, मोराच्या तंतूंचं अंग, त्यावर तांब्याच्या बारीक तारेचे वेढे. मी पाठवलेलं इंग्रजी देवनागरीत असं: 'वाइंड द हर्ल फॉरवर्ड अँड सिक्युअर इट विथ द थ्रेड प्रीव्हियसली टेकन बिहाइंड द बीड.' व्याकरण चोख. शब्द सगळे बरोबर. तक्त्याशी ताडून पाहिलं, एकही शब्द हलेना. जर्मन वाक्य परत वाचलं. तेही हेच म्हणत होतं: तंतू पुढे गुंडाळून, आधीच मण्यामागे नेलेल्या धाग्याने पक्के करणे.

मग मी मकरपुऱ्याला गेले. तिथे जीआयडीसीच्या औद्योगिक वसाहतीत माझ्या धाकट्या चुलतभावाचं लेथचं वर्कशॉप आहे. त्याच्याकडे हातात मावेल असा एक छोटा व्हाइस, म्हणजे वस्तू घट्ट धरून ठेवणारा शिकंजा, होता. गळ बाजारातून आणला, जरा मोठाच मिळाला. बारीक तार भावाने जळलेल्या मोटरच्या वाइंडिंगमधून काढून दिली. धागा म्हणून आईच्या डब्यातला रेशमी दोरा. मणी तुटलेल्या माळेतला. मोराचं पीस आमच्या देव्हाऱ्यात होतं, बाळकृष्णाच्या मागे लावलेलं. मोर १९६३ पासून राष्ट्रीय पक्षी, १९७२ च्या कायद्याने त्याची शिकार बंद, पिसांची निर्यातही बंद. पण आपोआप गळून पडलेलं पीस घरात ठेवायला मुभा आहे, आणि बडोद्याच्या आजूबाजूला मोर कमी नाहीत. आई म्हणाली, "देवाचं पीस माशाला?" मी म्हटलं, "चारच तंतू घेते, कडेचे." तिने पाच मोजून दिले आणि पीस उलट्या बाजूने लावून ठेवलं.

भाऊ वाचत होता, मी बांधत होते. माझंच इंग्रजी, त्याच्या तोंडून.

चौथी पायरी: गळाच्या बाकापाशी शेपटी बांधा. बांधली. पाचवी: तिथेच तार बांधा, मोकळं टोक मागे सोडा. सोडलं. सहावी: तिथेच तीन तंतू बांधा. बांधले. सातवी: तंतू पुढे गुंडाळा. गुंडाळले, मोठ्या कष्टाने, दांडीवरून मण्यापर्यंत. छान मखमली अंग तयार झालं. "आता पक्के करा धाग्याने," भाऊ म्हणाला. मी उजव्या हाताने तंतूंची टोकं मण्यापाशी चिमटीत धरून बसले होते. धागा पार दुसऱ्या टोकाला, बाकापाशी लोंबत होता. तिथून तो मण्यापर्यंत आणायचा म्हणजे आत्ताच केलेल्या अंगावरून वेढे घेत आणायचा, म्हणजे मखमल चेंगरणार. टोकं सोडली असती तर सगळं उलगडलं असतं.

"ताई, पुढे वाच ना," मी वाचत नव्हते तरी तो मला म्हणाला. मग कागदाकडे पाहून: "हां. लिहिलंय की. 'आधीच मण्यामागे नेलेला.' तू नेलाच नाहीस."

नेला नाही, कारण ने असं कुणी सांगितलंच नव्हतं. 'नेलेला' असं म्हटलं होतं. सहावी आणि सातवी यांच्यामध्ये एक अख्खी पायरी होती, आणि ती सातव्या पायरीतल्या एका विशेषणात दडून बसली होती.

हे मला आधी का दिसलं नाही, याचा विचार करत मी मकरपुऱ्याहून रिक्षाने परत येत होते, आणि उत्तर जरा अपमानास्पद निघालं. जर्मनमध्ये नामाच्या आधी लांबलचक गाडी जोडता येते: 'आधीच मण्यामागे नेलेला धागा', सगळं एका दमात, धाग्याच्या अगोदर. मराठीतही अगदी असंच जोडता येतं. काल सुरतेहून आलेल्या मावशींनी, पिशवीत बांधून ठेवलेले लाडू. आपण दिवसभर असं बोलतो. त्यामुळे जर्मन वाक्य मला अडलं नाही. माझ्या डोक्यात ते आपोआप मराठीत वाजलं आणि आपलं वाटलं. इंग्रजीत ही गाडी नामाच्या मागे जोडावी लागते, म्हणजे वाचणाऱ्याला ती क्रिया करून झाल्यावर भेटते. ज्या ऑस्ट्रियन सभासदांसाठी मूळ लिहिलं होतं त्यांचे हात आधीच धागा पुढे नेऊन बसलेले असणार; त्यांच्यासाठी ते 'नेलेला' म्हणजे नुसती खूण होती. नवशिक्याला तो हुकूम हवा होता.

मातृभाषा अनुवादकाला मदत करते असं आपण नेहमी म्हणतो. इथे तिने मला गाफील ठेवलं.

पण इलाजही तिच्यातच निघाला. आजीच्या पाककृतींच्या वहीत सगळं '-वावे'त असायचं: तेल तापवावे, मोहरी तडतडली की हिंग घालावा. जर्मन कृतीही अशीच असते, कर्ता नसलेली, क्रियापद शेवटी. मी चौथा नमुना आजीच्या वहीसारखा मराठीत उतरवायला घेतला आणि स्वतःला एक अट घातली: 'नेलेला', 'बांधलेली', 'सोडलेलं' असा एकही शब्द वापरायचा नाही. जे झालं आहे ते 'करून' म्हणून सांगायचं, नाहीतर नवं वाक्य करायचं. '-ऊन' लावला की मराठीत क्रम बदलता येत नाही; 'धुऊन चिरावी' म्हटलं की भाजी आधी धुवावीच लागते. तर ते असं झालं:

'बाकापाशी तार बांधून टोक लोंबते सोडावे. तिथेच मोराचे तीन तंतू टोकांकडून बांधावेत. आता धागा दांडीवरून वेढे घेत मण्यामागे न्यावा आणि तिथे लोंबू द्यावा. मग तंतू वेढ्यास वेढा लावून मण्यापर्यंत गुंडाळावेत. लोंबत्या धाग्याचे तीन वेढे त्यांवर घेऊन उरलेले तंतू कापावेत. मग तार उलट्या दिशेने, पाच वेढ्यांत, मण्यापर्यंत आणून तशीच बांधावी.'

इतकं लिहिल्यावर इंग्रजी दहा मिनिटांत झालं, आणि सातव्याच्या जागी तीन पायऱ्या आल्या.

ही युक्ती सरसकट चालते असं मात्र समजू नका. पहिल्या मराठी खर्ड्यात मी 'धागा पुढे न्यावा' लिहिलं होतं, आणि मराठीत पुढे म्हणजे समोर आणि पुढे म्हणजे नंतर. 'मागे'चीही तीच गत. शिवाय माशीचं पुढे म्हणजे कुठलं? तिचं तोंड नेढ्याकडे असतं, पण पहिल्यांदाच व्हाइससमोर बसलेल्या माणसाला बाक पुढे वाटतो, कारण टोकदार भाग तिकडे. जर्मनमध्ये 'फोर्ने' आणि 'हिंटन' होतं, काही ठिकाणी चक्क 'उजवीकडे' होतं. डावखुऱ्याने काय करायचं? मी सगळ्या चौदा पानांतून पुढे, मागे, उजवीकडे, डावीकडे काढून टाकलं. फक्त दोनच दिशा ठेवल्या: नेढ्याकडे आणि बाकाकडे. आणि प्रत्येक पायरीच्या शेवटी धागा कुठे लोंबतो आहे ते लिहिलं, जिथे तो हलला असेल तिथे. बाकीच्या पाच नमुन्यांत याच पद्धतीने आणखी चार दडलेल्या पायऱ्या सापडल्या. गृहस्थांनी त्या विचारल्या नव्हत्या. त्यांचे विद्यार्थी अजून तिथवर पोचले नव्हते.

शेवटची गाठ हा वेगळाच पेच होता. मूळ मजकुरात प्रत्येक नमुन्याच्या अखेरीस एकच ओळ: नेहमीप्रमाणे गाठ घालून लाख लावणे. 'नेहमीप्रमाणे' हा शब्द नवशिक्याच्या तोंडावर दार लावतो. मी गृहस्थांना विचारलं, मुळात नसलेला परिच्छेद घालू का? ते म्हणाले, घाला, पण तुम्हाला गाठ येत असेल तरच.

येत नव्हती. चित्रं पाहिली, कळली नाहीत. आणि मग जे झालं ते निव्वळ योगायोगाने. आईची मोहनमाळ गाठवायला मांडवीजवळच्या पटव्याकडे गेले होते. म्हातारा माणूस, दुकान कसलं, ओटाच. पायाच्या अंगठ्याला रेशमाची दोरी अडकवून तो माळेच्या शेवटी गुंडाळी करत होता. दोऱ्याचा एक फास पाडून तो त्याने दोरीच्या अंगाला आडवा धरला, मग त्याच दोऱ्याने फासावरून वेढे घ्यायला लागला, एक, दोन, पाच, सहा, एकाला एक लागून. मग मोकळं टोक ओढलं. फास वेढ्यांच्या खाली सरकत सरकत लहान झाला आणि दिसेनासा झाला. गाठ अशी कुठे दिसतच नव्हती, नुसती गुळगुळीत गुंडाळी. मी त्याला पुन्हा करून दाखवायला सांगितलं. "छेडो अंदर खोवाई जाय, बेन," तो म्हणाला, आणि मला कळावं म्हणून दुसऱ्यांदा सावकाश केलं.

टोक आत हरवून जातं. चित्रांत जे कळलं नव्हतं ते हेच: धागा स्वतःच्याच टोकावरून गुंडाळायचा असतो. त्या रात्री घरी स्वयंपाकघरातल्या लाटण्यावर सुतळीने ती गाठ सात-आठदा घातली, आईच्या पोळ्या होईपर्यंत, आणि मग परिच्छेद लिहिला. त्यात 'गाठ' हा शब्द मथळ्यातच आहे, आत कुठेच नाही. माणूस गाठ म्हटलं की वळसा घालून आवळायला बघतो.

एक जागा मी सोडवली नाही. धागा 'मिट गेफ्यूल' ओढावा असं तीन ठिकाणी होतं. जाणिवेने, हात राखून. माझा धागा त्या दिवशी चारदा तुटला होता, तेव्हा किती ओढू नये हे मला नीट ठाऊक होतं, पण ते आईच्या रेशमी दोऱ्याबद्दल. त्यांचा धागा नायलॉनचा, केसासारखा बारीक. माझा अनुभव त्यांच्या कागदावर सूचना म्हणून उतरवणं बेइमानी झाली असती. तिथे मी साधं 'हलक्या हाताने' ठेवलं आणि समासात गृहस्थांना लिहिलं की इथे तुमच्या धाग्याचं काय ते तुम्ही सांगा. त्यांनी नंतर तिथे स्वतःचं एक वाक्य घातलं.

सहाव्या नमुन्यात गालाला लावायचं एक ठिपकेदार पीस होतं. इंग्रज त्याला जंगल कॉक म्हणतात. हे आपल्या राखी रानकोंबड्याच्या मानेवरचं पीस, सह्याद्रीच्या दक्षिण भागातल्या रानात आरवणारा तोच. १९७२ च्या कायद्याने तोही राखलेला आहे. परदेशात बंदिस्त वाढवलेल्या पक्ष्यांची पिसं वापरतात, नाहीतर नकली. ऑस्ट्रियातल्या जर्मनमधून, इंग्लंडच्या गिऱ्हाइकासाठी, बडोद्यात बसून मी आपल्याच घाटातल्या कोंबड्याचं नाव शोधत होते. तक्त्याच्या मधल्या रकान्यात 'राखी रानकोंबडा' लिहिताना मजा वाटली खरी, पण अनुवादात त्याचं जंगल कॉक एवढंच झालं आणि तेवढंच व्हायला हवं होतं.

दुसरी प्रत गेली तेव्हा चौदाची एकोणीस पानं झाली होती. पैसे अर्थात चौदा पानांतल्या जर्मन शब्दांचेच. एजन्सीने विचारलं की मजकूर वाढला कसा. मी दडलेल्या पायऱ्यांची यादी पाठवली, त्यावर उत्तर आलं नाही. गृहस्थांचं आलं. त्यांनी डावखुऱ्या विद्यार्थिनीने बांधलेल्या माशीचा फोटो पाठवला होता. अंग मखमली होतं, तारेचे वेढे पाचच्या जागी सहा होते, आणि मण्यामागची गुंडाळी जरा फुगलेली. त्यांनी खाली लिहिलं होतं की त्या वेळी ते शेजारच्या खोलीत चहा करत होते.

माझी माशी मकरपुऱ्यात आहे. तिच्या अंगाची मखमल एका बाजूने चेंगरलेली आहे, कारण ती त्या पहिल्या दिवसाची, धागा चुकीच्या टोकाला राहिलेली. भावाने ती व्हाइसच्या वर भिंतीतल्या खिळ्याला अडकवली. वर्कशॉपमध्ये येणारं कुणी ना कुणी रोज विचारतं की हे काय आहे, आणि तो लेथवरून मान न वळवता सांगतो, "आमच्या ताईचं जर्मन."